कोकराचं वजन आणि बापाचा वाटा : मेंढीपैदाशीच्या आकडेमोडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्यकीचे विद्यार्थी, पुण्या-मुंबईची नोकरी सोडून मेंढीपालनात उतरलेले तरुण आणि मेंढ्यांच्या वाड्यावरच (कळपाच्या मुक्कामावर) लहानाचे मोठे झालेले काही मेंढपाळ यांच्याकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साध्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, किचकट पुढे आहेत. एकाच गोष्टीची उत्तरं दोनदा दिलेली नाहीत, गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हिशेबाच्या उदाहरणांतली वजनं समजायला सोपी जावीत म्हणून घेतलेली आहेत, ती कुठल्या कळपाची नोंद नाही.

१. हेरिटॅबिलिटी म्हणजे नेमकं काय?

कळपातली शंभर कोकरं ९० दिवसांची झाल्यावर तोलली, तर कुणी ११ किलो भरतं, कुणी १७. हा फरक कुठून आला, त्याची वाटणी म्हणजे हेरिटॅबिलिटी. काही फरक चाऱ्याचा, काही आईच्या दुधाचा, काही जंतांचा, आणि काही आई-बापाकडून आलेल्या जनुकांचा. एकूण फरकातला जो हिस्सा जनुकांच्या बेरजेने येतो आणि पुढच्या पिढीकडे जातो, त्याला एकूण फरकाने भागायचं. संख्याशास्त्रात या फरकाला प्रचरण म्हणतात, आणि ते सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करून मोजतात. उत्तर ० ते १ च्या दरम्यान असतं.

“या मेंढ्याची हेरिटॅबिलिटी किती?” असा प्रश्न नेहमी येतो. मेंढ्याला हेरिटॅबिलिटी नसते. ती एका गुणाची, एका कळपातली, एका परिस्थितीतली असते. मेंढ्याला असतं ते पैदास मूल्य, म्हणजे त्याच्या जनुकांमुळे तो सरासरीच्या किती पुढे किंवा मागे आहे तो आकडा. त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

२. वजनाची हेरिटॅबिलिटी ०.२० आहे म्हणजे कोकराचं २० टक्के वजन जनुकांमुळे का?

नाही. १५ किलोच्या कोकरातले ३ किलो बाप-आईचे आणि १२ किलो चाऱ्याचे, अशी वाटणी होत नाही. ०.२० हा आकडा कोकरा-कोकरांमधल्या फरकाबद्दल बोलतो, एकट्या कोकराबद्दल काहीच सांगत नाही. सगळ्या मेंढ्यांना चार पाय असतात, ते पूर्णपणे जनुकांमुळेच. पण पायांच्या संख्येत फरकच नाही, म्हणून तिथे हेरिटॅबिलिटी काढण्यासारखं काही उरत नाही.

३. मेंढ्यांमध्ये हा आकडा साधारण किती असतो?

जगभरच्या अभ्यासांत जन्मवजन आणि दूध तोडतानाचं वजन यांचा आकडा बहुतेक ०.१५ ते ०.२५ च्या आसपास येतो. प्रौढ वजनाचा ०.३ ते ०.४, लोकरीच्या तंतूच्या जाडीचा ०.५ च्या पुढे, आणि एका वेतात किती कोकरं होतात याचा जेमतेम ०.१. तुमचं उत्तर यापासून फार लांब गेलं तर जनावरांवर शंका घेण्याआधी स्वतःच्या फाइलवर घ्या (प्रश्न १२).

४. हेरिटॅबिलिटीवरून पुढच्या पिढीत किती वाढ होईल हे सांगता येतं का?

येतं. निवडलेले आई-बाप कळपाच्या सरासरीपेक्षा जितके सरस, त्याला हेरिटॅबिलिटीने गुणायचं. समजा निवडलेले नर सरासरीपेक्षा ४ किलोंनी जड आहेत आणि ठेवलेल्या माद्या १ किलोने. दोघांची सरासरी २.५ किलो. हेरिटॅबिलिटी ०.२० असेल तर पुढची पिढी अर्ध्या किलोने जड. एक पिढी बदलायला तीन वर्षं धरली, तर वर्षाला सुमारे १७० ग्रॅम.

हे ऐकून बरेच जण हिरमुसतात. पण चांगला खुराक दिल्याने वाढलेलं वजन खुराक बंद झाला की जातं. हे १७० ग्रॅम टिकतात आणि दरवर्षी साठत जातात. बारा वर्षांत दोन किलो, आणि तेही कळपातल्या प्रत्येक कोकरामागे.

५. कुठल्या नोंदी ठेवायच्या? रोज वजन करणं शक्य नाही.

रोज वजन करायची गरज नाही. जन्माच्या २४ तासांत एकदा, दूध तोडताना तीन महिन्यांच्या सुमारास एकदा, सहा महिन्यांना आणि वर्षाला एकेकदा. ताणकाटा आणि झोळी पुरे. वजन सकाळी, चरायला सोडण्याआधी घ्या. पोट भरलेली मेंढी आणि रिकाम्या पोटाची मेंढी यांच्या वजनात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो, आणि तो जनुकांचा नसतो. लोकर कातरण्याआधी निम्म्यांचं आणि कातरल्यावर निम्म्यांचं, असंही करू नका.

वजनाहून महत्त्वाच्या गोष्टी वहीत याव्या लागतात : कोकराचा बिल्ला नंबर, आईचा नंबर, बापाचा नंबर, जन्मतारीख, नर की मादी, एकटं की जुळं, आईचं कितवं वेत. वजन दहा ग्रॅमपर्यंत अचूक आणि बापाचा रकाना कोरा, अशा वह्या पुष्कळ पाहायला मिळतात. त्यातून सरासरी वजन काढता येतं, हेरिटॅबिलिटी नाही.

६. आमचा वाडा फिरता आहे. जन्मतारीख नक्की सांगता येत नाही. चालेल का?

दिवस नाही तर आठवडा लिहा. फिरत्या मेंढपाळाला तारीख नसली तरी मुक्काम पक्का आठवतो : अमक्याच्या रानात बकरी बसवली होती तेव्हा व्याली, दिवाळीनंतर घाट उतरलो त्याच आठवड्यातली. मुक्कामांची यादी तारखांशी जुळवली की वय चार-पाच दिवसांच्या फरकाने मिळतं. रोज १२० ग्रॅमने वाढणाऱ्या कोकराच्या वयात पाच दिवसांची चूक म्हणजे वजनात ६०० ग्रॅमची चूक. ही चूक “इतर कारणांच्या” खात्यात जाते आणि हेरिटॅबिलिटी आहे त्याहून कमी दिसते. कमी दिसलेली चालेल, पण दातांवरून अंदाजाने टाकलेलं वय कोकरांसाठी चालणार नाही. दुधाचे दात असेपर्यंत दात काहीच सांगत नाहीत.

७. सगळ्यांचं वजन एकाच दिवशी घेतलं, पण वयं वेगवेगळी आहेत. तुलना कशी करायची?

तोललेल्या वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, ९० ने गुणा आणि जन्मवजन परत मिळवा. जन्मवजन ३ किलो आणि १०० व्या दिवशी १५ किलो असेल, तर १२ भागिले १०० गुणिले ९० म्हणजे १०.८, अधिक ३, एकूण १३.८ किलो. दूध पिण्याच्या काळात वाढ जवळजवळ सरळ रेषेत असते म्हणून हे चालतं. वय ९० पासून फार लांब असेल, किंवा दूध तुटून महिना-दोन महिने झाले असतील, तर हे सूत्र फसवतं. तिथे वय सरळ मॉडेलमध्येच, म्हणजे वजनाची कारणं वेगळी करणाऱ्या संगणकातल्या समीकरणातच घालावं.

८. दुष्काळात जन्मलेलं कोकरू आणि चांगल्या पावसाच्या वर्षातलं कोकरू यांची तुलना कशी होईल?

थेट होतच नाही. तुलना बरोबरीच्यांमध्ये करायची : त्याच कळपातली, त्याच हंगामात जन्मलेली, त्याच रानात चरलेली कोकरं. दुष्काळातलं १२ किलोचं कोकरू आपल्या गटात दोन किलोंनी पुढे असेल आणि सुकाळातलं १६ किलोचं आपल्या गटात एका किलोने मागे असेल, तर पैदाशीसाठी पहिलं ठेवावं.

याशिवाय नर मादीपेक्षा जड असतो, जुळं एकट्यापेक्षा हलकं असतं, पहिल्या वेताच्या मेंढीचं कोकरू तिसऱ्या-चौथ्या वेताच्या मेंढीच्या कोकरापेक्षा हलकं असतं. ही वजाबाकी मॉडेल स्वतः करतं, फक्त ते रकाने वहीत असायला हवेत. हे केलं नाही तर नुकसान उलट्या बाजूने होतं. जुळं कोकरू हलकं म्हणून बाजारात जातं, आणि त्याच्यासोबत जुळी देणाऱ्या आईची जनुकंही जातात.

गट फार बारीक पाडू नयेत. तीन कोकरांच्या गटात तुलनेला काही उरत नाही.

९. बापावरून हेरिटॅबिलिटी कशी काढतात? एखादं उदाहरण द्या.

एका मेंढ्याची वेगवेगळ्या मेंढ्यांपासून झालेली कोकरं सावत्र भावंडं असतात. त्यांच्यात समान असतो तो फक्त बाप. बापा-बापांच्या कोकरांच्या सरासरीत जो खरा फरक असतो, तो योगात्मक (जनुकांच्या बेरजेने येणाऱ्या) आनुवंशिक फरकाचा चौथा हिस्सा, कारण बाप निम्मी जनुकं देतो आणि प्रचरणात निम्म्याचा वर्ग होतो.

समजा ९० दिवसांच्या वजनाचं एकूण प्रचरण ९ आहे, म्हणजे प्रमाण विचलन (प्रचरणाचं वर्गमूळ) ३ किलो. त्यातलं बापामुळे आलेलं प्रचरण ०.४५ निघालं. त्याची चौपट १.८. १.८ भागिले ९ बरोबर ०.२०.

चारने गुणण्यातच धोका आहे. बापाच्या खात्यात चुकून शिरलेली कुठलीही गोष्टसुद्धा चौपट होते. एका मेंढ्याची कोकरं पावसाळ्याआधी आणि दुसऱ्याची नंतर जन्मली, तर हंगामाचा फरक बापाच्या नावावर चढतो.

१०. मी १८ किलोचा मेंढा निवडला, सरासरी १४ होती. तरी त्याची कोकरं मोठी का नाहीत?

कारण त्या चार किलोंतले बहुतेक त्याच्या आईच्या दुधाचे आणि नशिबाचे होते. हेरिटॅबिलिटी ०.२० असेल तर फक्त स्वतःच्या वजनावरून त्याचं अंदाजे पैदास मूल्य ०.२ गुणिले ४, म्हणजे ०.८ किलो. त्यातलं निम्मंच कोकराला मिळतं, म्हणजे ४०० ग्रॅम. एका ऋतूत डोळ्यांना ४०० ग्रॅम दिसत नाहीत.

अंदाज किती पक्का आहे तेही काढता येतं. स्वतःच्या एका वजनावरून काढलेल्या अंदाजाची अचूकता, ० ते १ या मापावर, ०.४५ असते. त्याच्या पाच कोकरांची वजनं मिळाली तर, मेंढ्याला कधीही न तोलता, जवळजवळ तेवढीच, ०.४६. वीस कोकरं मिळाली की ०.७२. म्हणून शिंगं, छाती, चाल बघून लाखाला घेतलेल्या मेंढ्यापेक्षा वीस कोकरांची वही असलेला साधा मेंढा मला जास्त विश्वासाचा वाटतो. जुन्या मेंढपाळांना हे पटकन पटतं. ते मेंढ्याबद्दल विचारलं की आधी त्याची “पोरं” दाखवतात.

११. बापाचं समजलं. पण आई तर जनुकंही देते आणि दूधही. मग आईचा हिशेब कसा करायचा?

या सगळ्या आकडेमोडीतला कळीचा प्रश्न हाच आहे, आणि बहुतेक चुकाही इथेच होतात.

आई कोकराला तीन वाटांनी घडवते. निम्मी जनुकं देते. पाच महिने पोटात जागा आणि पोषण देते. मग तीन महिने दूध पाजते. दूध किती येणार याचीही जनुकं तिच्यात असतात, ती वेगळी. शिवाय एखाद्या मेंढीचा एक सड कासदाहात कायमचा गेलेला असतो, त्याचा परिणाम तिच्या पुढच्या प्रत्येक वेतावर होतो, पण तो तिच्या मुलींकडे जात नाही. म्हणून मॉडेलमध्ये चार खाती उघडावी लागतात : कोकराची स्वतःची जनुकं, आईची मातृत्वाची जनुकं, आईचा कायमचा पण वारशाने न जाणारा परिणाम, आणि उरलेलं सगळं. पहिल्या दोन खात्यांमधला सहसंबंध हे पाचवं.

मातृत्वाची खाती वगळली तर चांगल्या दुधाच्या मेंढीची सगळी कोकरं एकसारखी जड दिसतात आणि संगणक म्हणतो, “अरे वा, जनुकं.” जन्मवजन आणि दूध तोडतानाच्या वजनाची हेरिटॅबिलिटी त्यामुळे हमखास फुगते. सहा महिन्यांनंतर आईचा परिणाम ओसरत जातो. पण दूध तोडताना जड असलेलं कोकरू पुढेही काही काळ जडच राहतं, त्यामुळे तो एकदम शून्य होत नाही.

किती खाती ठेवायची हे आधी ठरवू नये. साध्या मॉडेलपासून सुरुवात करून एकेक खातं वाढवायचं आणि प्रत्येक वेळी जुळणी खरंच सुधारली का, हे संभाव्यतेच्या कसोटीने पाहायचं. पहिल्या दोन खात्यांतला सहसंबंध पुष्कळदा मोठा ऋण येतो, उणे ०.६, उणे ०.७ असा. “जोमाने वाढणारी मेंढी वाईट आई असते” असा निष्कर्ष लगेच काढू नका. ज्या मेंढ्यांची स्वतःची लहानपणची वजनं वहीत नाहीत, ज्यांचं एकच कोकरू नोंदलंय, अशा माहितीत ही खाती एकमेकांपासून सुटी होतच नाहीत आणि असा आकडा निव्वळ नोंदींच्या विरळपणामुळे येऊ शकतो. आजी, आई आणि कोकरू अशा तीन पिढ्यांच्या नोंदी लागतात. दोन वर्षांच्या प्रबंधात हे बसत नाही, ही विद्यार्थ्यांची अडचण खरी आहे. अशा वेळी सहसंबंध शून्य धरून तसं स्पष्ट लिहावं.

१२. माझं उत्तर १.३ आलं. मित्राचं उणे आलं. चुकलं कुठे?

हेरिटॅबिलिटी १ च्या वर किंवा शून्याच्या खाली असू शकत नाही, पण तिचा अंदाज जाऊ शकतो. प्रश्न ९ च्या पद्धतीत बापा-बापांतला फरक थोडाही फुगला की चौपट होऊन १ ओलांडतो. सहसा बाप आणि हंगाम, किंवा बाप आणि कळप, एकमेकांत अडकलेले असतात. प्रत्येक कळपात एकच मेंढा असेल तर मेंढा चांगला की रान चांगलं, हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. त्यावर उपाय म्हणजे काही मेंढे दोन-तीन कळपांत फिरवणं.

उणे उत्तर बहुतेक वेळा कमी नोंदींमुळे येतं (प्रश्न १३). उणे आलं म्हणून टाकून देऊ नका, तसंच नोंदवा. फक्त “छान” आलेले आकडे छापले तर सगळ्या अभ्यासांची मिळून सरासरी वर सरकते.

१३. किती कोकरं लागतात?

तुम्हाला वाटतात त्याहून बरीच जास्त. खरी हेरिटॅबिलिटी ०.२० असेल आणि ४०० कोकरं वीस बापांत सारखी वाटलेली असतील, तर अंदाजाची प्रमाण त्रुटी ०.१३ च्या आसपास येते. म्हणजे उत्तर ०.०७ ही येऊ शकतं, ०.३३ ही. २००० कोकरं आणि शंभर मेंढे असतील तर त्रुटी ०.०६ वर उतरते. दोन बापांची २०० कोकरं मात्र जवळपास निरुपयोगी. इथे कोकरांपेक्षा बापांची संख्या महत्त्वाची असते.

ज्याच्याकडे साठ मेंढ्या आहेत त्याने हेरिटॅबिलिटी काढायच्या भानगडीत पडू नये. प्रश्न ३ मधला आकडा उसना घेऊन प्रश्न १० चा हिशेब करावा.

१४. ब्लप, रेमल, ॲनिमल मॉडेल ही सगळी एकच गोष्ट आहे का?

नाही, पण एकाच घरातली आहेत. ॲनिमल मॉडेल म्हणजे फक्त बाप न घेता प्रत्येक जनावराला स्वतःचं पैदास मूल्य देणं आणि कोण कुणाचं किती नात्यातलं आहे याचा तक्ता त्याला जोडणं. ब्लप ही पैदास मूल्यं काढायची पद्धत. अमेरिकेतल्या चार्ल्स हेंडरसन यांनी तिची समीकरणं बसवली. नात्यांच्या तक्त्याचा व्यस्त (समीकरणं सोडवायला लागणारा उलटा तक्ता) थेट वंशावळीवरून लिहायची सोपी रीत त्यांनी १९७६ साली दिली आणि हजारो जनावरांचा हिशेब आवाक्यात आला. रेमल ही प्रचरणाची खाती मोजायची पद्धत, १९७१ साली पॅटरसन आणि थॉम्पसन यांनी मांडलेली. आधी रेमलने हेरिटॅबिलिटी काढायची, मग ती ब्लपमध्ये घालून जनावरांची क्रमवारी लावायची.

१५. वाढीचा वक्र कुठला घ्यावा? गोम्पर्ट्झ, ब्रोडी, लॉजिस्टिक, रिचर्ड्‌स… यादी संपत नाही.

ही सगळी वयाबरोबर वजन कसं वाढतं ते सांगणारी सूत्रं. सगळ्यांत एक आकडा प्रौढ वजनाचा असतो आणि एक तिथे पोचण्याच्या वेगाचा. फरक पडतो तो वाढीचा वेग सर्वांत जास्त कधी असतो यात. लॉजिस्टिक म्हणतं, प्रौढ वजनाच्या निम्म्यावर. गोम्पर्ट्झ म्हणतं, ३७ टक्क्यांवर. बर्टालान्फी म्हणतं, ३० टक्क्यांवर. ब्रोडीत असं वळणच नाही, वाढ जन्मापासून मंदावतच जाते. रिचर्ड्‌समध्ये वळणाची जागा मोकळी सोडलेली असते, पण त्यासाठी एक आकडा जास्त काढावा लागतो आणि थोड्या नोंदींवर तो हाताला लागत नाही.

गोम्पर्ट्झचं उदाहरण घेऊ. जन्मवजन ३ किलो, प्रौढ वजन ३२ किलो, वेगाचा आकडा दिवसाला ०.०११. मग वेग शिगेला पोचतो तो ११.८ किलोवर, ७८ व्या दिवसाच्या सुमारास, आणि तेव्हा कोकरू दिवसाला १३० ग्रॅम वाढत असतं. मटणासाठी कधी विकावं याचा विचार या आकड्यापासून सुरू होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडचे बहुतेक नर पाच-सहा महिन्यांत विकले जातात. सहा महिन्यांपर्यंतच्या चार वजनांवरून प्रौढ वजन काढणं म्हणजे अर्धा घाट चढून माथ्याची उंची सांगणं. वक्र छान बसतो, प्रौढ वजन ६० किलो येतं, आणि कुणी हसत नाही. शिवाय प्रौढ वजन आणि वेग यांचा सहसंबंध ऋण असतो : एक फुगला की दुसरा आपोआप आक्रसतो. सहा महिन्यांच्याच नोंदी असतील तर सरळ रेषा किंवा साधा द्विघाती वक्र घ्यावा आणि प्रौढ वजनाबद्दल गप्प बसावं.

आणि फिरत्या कळपाची वाढ कुठल्याच गुळगुळीत वक्रावर चालत नाही. उन्हाळ्यात वजन घटतं, पावसानंतर उसळी मारतं. वक्राने ती घट “त्रुटी” म्हणून फेकून दिली, तर दुष्काळात टिकून राहणारी मेंढी कुठली, हेच नेमकं फेकलं जातं.

१६. एकाच जनावराची पाच-सहा वजनं आहेत. प्रत्येकाची वेगळी हेरिटॅबिलिटी काढू का?

काढता येते, पण वयांची वजनं एकमेकांशी बांधलेली असतात ही माहिती वाया जाते. रँडम रिग्रेशन मॉडेलमध्ये प्रत्येक जनावराला एक पैदास मूल्य न देता पैदास मूल्याचा आख्खा वक्र देतात, बहुधा लजान्द्र बहुपदी (वक्र रेखाटायची ठरावीक सूत्रं) वापरून. त्यातून कुठल्याही वयाची हेरिटॅबिलिटी आणि कुठल्याही दोन वयांतला आनुवंशिक सहसंबंध मिळतो. वयाच्या दोन्ही टोकांना, जिथे नोंदी विरळ असतात, हे वक्र शेपटी हलवतात. तिथले आकडे पोत्यात बांधून ठेवा, छापू नका.

१७. माडग्याळ मेंढा घातल्यावर कोकरं एकदम मोठी झाली. म्हणजे हेरिटॅबिलिटी जास्त आहे ना?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात माडग्याळ गाव आहे. त्याच्या नावाची ही उंच, बाकदार नाकाची मेंढी आणि डेक्कनी जातीची मेंढी यांच्या सरासरीतच फरक आहे. हेरिटॅबिलिटी एका जातीच्या आतल्या फरकाबद्दल बोलते, दोन जातींच्या सरासरीतल्या फरकाबद्दल नाही. शिवाय पहिल्या संकरात जो जास्तीचा जोम येतो तो संकरित कोकरं आपसात लावली की पुढच्या पिढीत निम्म्यावर येतो. दोन्ही जातींची आणि संकराची कोकरं एकाच फाइलमध्ये असतील तर प्रत्येकात कुठल्या जातीचा किती अंश आहे हा रकाना घाला. नाही तर जातींमधला फरक बापाच्या खात्यावर चढतो आणि प्रश्न १२ मधला १.३ तुमच्याही वाट्याला येतो.

मोठ्या हाडाच्या मेंढीला चाराही जास्त लागतो, हा हिशेब मात्र या मॉडेलमध्ये नाहीच.

१८. जुळ्यांची हेरिटॅबिलिटी जेमतेम ०.१, मग फलटणच्या नारी सुवर्णा या मेंढीत जुळी कशी वाढली?

कारण तिथे निवड हजारो बारीक जनुकांवर नव्हती, एका मोठ्या जनुकावर होती. फेक-बी नावाचा हा बदल मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यामुळे एका वेळी जास्त बीजांडं सुटतात. तो नेमका कुठे आहे हे २००१ साली सापडलं. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्या त्यासाठी प्रसिद्ध होत्या. पण त्यांचं मूळ बंगालमध्ये, १७९० च्या दशकात तिकडे गेलेल्या मेंढ्यांत. सुंदरबनातल्या छोट्या गारोल मेंढीत तो बदल आजही आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलमधून तो डेक्कनीत आणला आणि पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा डेक्कनीशी संकर करून अंगकाठी मोठी ठेवली. डीएनए चाचणीने या बदलाची प्रत कुणाकडे आहे ते थेट कळतं, म्हणून कमी हेरिटॅबिलिटीचा अडसर राहत नाही.

मॉडेल लावणाऱ्याने काय करावं? अशा कळपात मेंढीकडे किती प्रती आहेत हा रकाना स्थिर परिणाम (फिक्स्ड इफेक्ट) म्हणून घाला. एक लक्षात घ्या, जुळी वाढली की कोकरामागचं वजन घटतं आणि दूध वाटलं जातं. “मेंढीमागे दूध तोडलेली एकूण किलो कोकरं” हा गुण अशा वेळी जास्त खरं बोलतो.

१९. एकाच जनुकाचे असे अजून प्रकार आहेत का, जे साधं मॉडेल पार फसवतात?

आहेत. सर्वांत खोडकर कॅलिपीज. १९८३ साली अमेरिकेत सॉलिड गोल्ड नावाचा डॉर्सेट मेंढा जन्मला, त्याच्या मागच्या भागाला प्रचंड मांस. हा बदल १८ व्या गुणसूत्रावर आहे आणि तो फक्त बापाकडून आला, आणि आईकडून साधी प्रत आली, तरच दिसतो. दोन्हीकडून आला तर दिसत नाही. जनुकांची बेरीज धरणारं मॉडेल इथे पार चुकतं. टेक्सेल मेंढ्यांतला मायोस्टॅटिनचा (स्नायूंची वाढ आवरणाऱ्या जनुकाचा) बदल मात्र, ज्याचं काम २००६ साली उलगडलं, बऱ्याच अंशी सरळ वागतो.

२०. आमचे सर्वांत जोमदार नर बकरी ईदला विकले जातात. नोंदींवर याचा परिणाम होतो का?

नोंदींवरही होतो आणि कळपावरही. जो नर लवकर वाढतो तो लवकर विकला जातो. जो किरकोळ राहतो तो मागे उरतो आणि कधी कधी पुढच्या वर्षी पैदाशीला तोच लागतो. निवड होते, पण उलट्या दिशेने. भाव चांगला आल्यावर हातातला नर थांबवणं किती अवघड आहे हे माहीत असल्यामुळे यात कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. तरी विक्रीआधी, दूध तोडतानाच दोन-तीन नर वेगळे काढून त्यांच्यावर खूण करावी.

आकडेमोडीत वर्षाच्या वजनाच्या रकान्यात मग फक्त न विकलेली, म्हणजे हलकी कोकरं उरतात. त्यांच्यावरच मॉडेल लावलं तर फरक आक्रसतो आणि उत्तर वाकडं येतं. विकलेल्या कोकरांची आधीची वजनं फाइलमधून काढू नका. दूध तोडतानाचं आणि वर्षाचं वजन एकत्र मॉडेलमध्ये घातलं, की ज्या आकड्यावरून निवड झाली तो हिशेबात राहतो आणि रेमल बरीचशी दुरुस्ती करतं. मेलेल्या कोकरांनाही हेच लागू.

२१. हेरिटॅबिलिटी आहे, मोठ्यांचीच निवड होते आहे, तरी मेंढ्या लहान होत गेल्या, असं कुठे घडलंय का?

घडलंय. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांपैकी हिर्ता बेटावर सोए जातीच्या रानटी मेंढ्या आहेत. १९३२ साली शेजारच्या बेटावरून १०७ आणून सोडल्या होत्या, १९८५ पासून त्यांची जनावरागणिक नोंद चालू आहे. मोठ्या अंगाच्या मेंढ्या जास्त जगतात, वजन काही अंशी वारशाने जातं, आणि तरी सरासरी वजन घटत गेलं. २००९ मध्ये त्याचा उलगडा झाला. हिवाळे सौम्य झाल्याने पूर्वी मेली असती अशी हळू वाढणारी कोकरंही जगू लागली, आणि कोवळ्या वयात व्यालेल्या आयांची कोकरं लहान भरतात. प्रश्न ४ मधलं सूत्र परिस्थिती तीच राहिली तर काय होईल ते सांगतं. परिस्थिती तीच राहील याची हमी ते देत नाही.

२२. एकच चांगला मेंढा किती वर्षं वापरावा?

त्याच्या मुली गाभण राहण्याच्या वयाला आल्या की हलवा. बाप-मुलीपासून झालेल्या कोकरात जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण (इनब्रीडिंग) २५ टक्के असतं, आणि त्याचा पहिला फटका जन्मवजन आणि जगण्यालाच बसतो. एक मेंढा आणि तीस मेंढ्या असा बंद कळप पैदाशीच्या दृष्टीने जेमतेम चार जनावरांचा आहे : चार गुणिले १ गुणिले ३०, भागिले ३१, म्हणजे ३.९. शेजारच्या वाड्याशी नर मेंढ्यांची अदलाबदल हा जुना उपाय स्वस्त आहे, आणि प्रश्न १२ मधली कळपांची गाठही त्यानेच सुटते.

२३. कळपात तीन मेंढे एकत्र असतात. बाप कोण हे कसं लिहू?

अंदाजाने लिहू नका. दर पाचातला एक बाप चुकीचा असेल तर सावत्र भावंडांतलं साम्य ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४ वर येतं, आणि ०.२० ची हेरिटॅबिलिटी ०.१३ दिसते. रकाना कोरा ठेवला तर निदान चुकीची माहिती तरी जात नाही. माजावर येण्याच्या हंगामात वाघरीने (जाळीच्या कुंपणाने) कळपाचे तीन भाग करून पाच-सहा आठवडे वेगळे ठेवता आले तर उत्तम. ते जमत नसेल तर डीएनएवरून बाप ठरवता येतो. डीएनएवरच्या हजारो खुणा एकदम वाचणारी जीनोम चिप वापरली तर वंशावळीच्या तक्त्याऐवजी प्रत्यक्ष जनुकीय साम्याचा तक्ता वापरता येतो. पण त्याआधी हजारो वजनं नोंदलेली जनावरं हवीतच. चिप वजन करत नाही.

२४. सॉफ्टवेअर कुठलं? आणि फाइल देण्याआधी काय तपासू?

वॉम्बॅट हे ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलचं, फुकट, मातृत्वाची खाती आणि रँडम रिग्रेशन दोन्हींना चांगलं. ब्लपएफ९० हा अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातला कार्यक्रमांचा संच, मोठ्या फाइलींसाठी. एएसरेमल विकत घ्यावं लागतं. वाढीच्या वक्रांसाठी आर (R) हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरतं.

फाइल देण्याआधी एवढं पाहा. कुठलंही कोकरू आपल्या आईच्या आधी जन्मलेलं नाही ना. एकाच आईची दोन वेतं पाच महिन्यांपेक्षा कमी अंतरावर नाहीत ना. एकच नंबर कधी नर, कधी मादी म्हणून आलेला नाही ना. बिल्ला पडल्यावर दुसरा लावला असेल तर जुना नंबर कुठे लिहिलाय का. आणि ३.० किलोचं ३० झालेलं नाही ना, कारण दशांशचिन्ह विसरलेलं एकच कोकरू आख्ख्या बापाला वर्षाचा सर्वोत्तम मेंढा ठरवून जातं.